शंभर टक्के निपुण, बरं का!

सकाळी व्हॉट्सॲप उघडलं तर गावच्या ग्रुपवर बॅनर, 'आपले केंद्र १००% निपुण', वर साहेबांचे फोटो अन् खाली नुसते अंगठे आणि गुलाबाची फुलं. निपुण म्हणजे तिसरीपर्यंत लेकराला समजून वाचता अन् साधं गणित करता यावं ही सरकारी मोहीम, अन् केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट. डोकंच सटकलं माझं. कारण त्या शंभर टक्क्यातलं एक लेकरू आमच्या शेजारी राहतंय.

तिसरीतली पोरगी. दिवाळी झाली की मायबाप उचल (आगाऊ पैसे) घेऊन ऊस तोडायला साखर कारखान्याच्या पट्ट्यात, अन् ही त्यांच्यासंग. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतंय, नाही असं नाही, पण मग तिकडं कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) धाकट्या भावाला सांभाळायचं कुणी? पाडव्याच्या आसपास टोळी परत आली. परवा आमच्या ओट्यावर बसली होती तर मी सहज दुसरीचं पुस्तक पुढं धरलं. साधे शब्द बोट ठेवून वाचले, जोडाक्षर आलं की माझ्या तोंडाकडं बघायला लागली. निपुणच्या हिशोबानं तिसरीच्या लेकरानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचायला पाहिजेत. हिची चाचणी घेतली कुणी अन् कधी? ती तर उसाच्या फडात होती ना राव! भरणाऱ्यानं मोबाईलवर माहिती भरली, वर गेली, टक्केवारी झाली, विषय संपला.

आणि सरकारी मोठी सर्वेक्षणं तरी बघा. लेकरांना किती येतंय ते देशभर तपासणारं २०२१ चं नॅस १२ नोव्हेंबरला, तसंच २०२४ चं पारख ४ डिसेंबरला. दोन्ही वेळेला बीडकडच्या टोळ्या ऊस तोडायला गेलेल्या. म्हणजे जिल्ह्याचं मोजमाप होतंय ते गावात उरलेल्या लेकरांचं, अन् त्यावरून आपण कितवे हे ठरवायचं. वा!

मोजूच नका असं नाही म्हणत मी. मोजल्याशिवाय कळणार कसं, मान्य. पण 'प्रथम' संस्थेचे असर सर्वेक्षणवाले २००५ पासून खेड्यात घरी जाऊन एकेका लेकराला समोर बसवून वाचून घेतात, तेवढं तरी करा की.

बरं, ही पोरगी काय ढ आहे का? तिकडं वाढं (उसाचे हिरवे शेंडे, जनावरांचा चारा) विकायचं काम हिच्याकडंच असतंय. पेंढ्या किती गेल्या, उधारी कुणाकडं, पाचशेच्या नोटेतून परत किती, सगळं तोंडपाठ. माझ्या आईनं मुद्दाम चुकीचा हिशोब सांगून बघितला तर लगेच म्हणली, "मावशी, वीस कमी धरले की तुम्ही." तिसरीच्या निपुणमध्ये ९९९९ पर्यंतच्या संख्या आहेत, त्यात ही खरोखरच पास झाली असती, पण खरं विचारायला कुणी आलंच नाही. जे येत नाही ते येतंय म्हणून लिहिलं, जे येतंय ते कुणी बघितलं नाही.

मास्तरांवर पण किती चिडायचं म्हणा. दोन-दोन वर्ग एकाकडं, त्यात बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, त्यात वरून फोन, "तुमचीच शाळा का मागं?" खरं भरलं तर नोटीस अन् खोटं भरलं तर सत्कार, मग माणूस काय भरणार?

माझं एवढंच म्हणणंय, एप्रिलमध्ये टोळ्या परत आल्या की तांड्यावर, वस्तीवर या, लेकरू पुढं बसवा. आणि टक्क्यांच्या शेजारी एक रकाना वाढवा, हे लेकरू वर्षात किती महिने वर्गात होतं. मग खुशाल लावा तालुक्यांचे नंबर अन् छापा बॅनर.

कमेंटमध्ये झेडपीच्या मास्तरांना शिव्या घालायला येणाऱ्यांनी आधी स्वतःची लेकरं कुठल्या शाळेत घातलीत ते लिहायचं. नाहीतर उडवून टाकीन कमेंट.