मापात डोके

बोथट तलवारी आणि कुऱ्हाडी घेतलेल्या पाच-पाच जणांच्या दोन तुकड्या पोलादी चिलखत चढवून एकमेकांना आडवे करतात, त्या खेळाला बुहुर्त म्हणतात. पायांखेरीज शरीराचा कोणताही भाग जमिनीला टेकला की गडी बाद. कबड्डीवर पोसलेल्या माझ्या मनाला हा नियम लगेच पटला आणि पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला नोकरीनिमित्त राहत असताना मी एका संघात दाखल झालो. सरावासाठी मिळालेल्या उसन्या शिरस्त्राणात मात्र माझे डोके घंटेतल्या लोलकासारखे आदळत होते. तेव्हा स्वतःच्या मापाचे करवून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

कारागिराने पहिला प्रश्न विचारला, तो "कोणत्या शतकातले?" हा. मी उत्साहाने नाकावर पट्टी आणि माथ्यावर तुरा असलेल्या मराठी शिरस्त्राणाचे छायाचित्र पाठवले. त्यावर, अंगावरचा सगळा सरंजाम एकाच काळातला आणि एकाच मुलखातला असावा लागतो, आणि आपण बूट तर चौदाव्या शतकातले घेऊन ठेवले आहेत, असे नम्र उत्तर आले. अशा रीतीने एका बुटाच्या जोडीने माझे शतक ठरवले. त्या शतकाच्या अखेरचे, पुढे टोकदार नाकाड असलेले शिरस्त्राण मी पक्के केले. घाव त्या उतारावरून घसरून जावा, एवढाच त्या नाकाडाचा हेतू. जर्मन नावात मात्र त्याला सरळ कुत्रा म्हटले आहे. साधे पोलाद २ मिलिमीटर जाडीचे हवे की पाणी दिलेले दीड, या प्रश्नावर वजन कमी भरेल म्हणून मी दुसरे निवडले.

मग आली मापे. घेर टेपने मिळाला. रुंदी टेपने मिळत नाही, हा शोध मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी लागला. अखेर मी भिंतीला कान लावून उभा राहिलो, पत्नीने दुसऱ्या कानावर पोळपाट उभा दाबून धरला आणि भिंत ते पोळपाट हे अंतर मोजले : १९ सेंटिमीटर. कपाळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतची लांबीही नेमकी १९ भरली. दुसऱ्या दिवशी कारागिराने विचारले, की डोके खरोखरच चेंडूसारखे गोल आहे, की आपण कानही मोजले आहेत?

ही तक्रार मी साताऱ्याला आईच्या कानावर घातली, तेव्हा ती दुखावली. "गोल असणारच. तीन महिने राईची उशी घातली होती तुला. सांग त्याला, असं डोकं मुद्दाम करावं लागतं." हे पोलिशमध्ये सांगण्याइतकी माझी भाषा नव्हती. आम्ही कानांच्या वर पोळपाट लावून पुन्हा मोजले, साडेपंधरा भरले.

त्यानंतरचे सात महिने वर्णन करण्यासारखे नाहीत. दिवाळीच्या आदल्या रात्रीपर्यंत "फक्त काज-बटणं राहिलीत" म्हणणारा शिंपी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना "फक्त झिलम राहिली आहे" या वाक्याचे मोल कळेल. मानेभोवती लोंबणारी ही कड्यांची जाळी चार वेळा राहिली होती.

शेवटी मी स्वतःच कारखान्यात जाऊन पोहोचलो. शिरस्त्राणाच्या आत तागाची, कापूस भरून शिवलेली टोपी होती. तिच्यात डोके असे तरंगत राहते, की पोलादाला ते कुठेही टेकत नाही. ती पाहून मला आजीची गोधडी आठवली. चष्मा बाहेर राहिला, मुखपट्टा खाली आला आणि समोरचे जग डोळ्यांपुढच्या दोन बारीक फटींत मावले. त्या फटींतून मला एक अंधुक हातोडी वर जाताना दिसली. ठणकन आवाज झाला. "दुखले का?" कारागिराने विचारले. नव्हते दुखले.

रात्री आईला तसे कळवले. ती म्हणाली, "दुखणार कसं? राईची उशी घातली होती."