बंदच्या कागदावर मदतीची ओळही हवी

सांगलीच्या मारुती चौकालगतच्या आमच्या कट्ट्यावर परवा पुन्हा करोनाकाळाचा विषय निघाला आणि दिवेलागणीला सुरू झालेला वाद पेठेतली शटर खाली येईपर्यंत चालला. आण्णांनी आपल्या कापड दुकानाच्या काचेवरून 2021 सालचा निर्बंधांचा कागद खरवडून काढला होता. पिवळा पडलेला, कोपऱ्याला खळ चिकटलेला तो कागद कट्ट्यावर पसरून ते म्हणाले, "दुकान किती वाजता बंद करायचे, ते यात लिहिले आहे. त्या दिवसांत कामगारांचा पगार कशातून द्यायचा, याची एक ओळही नाही."

सरांना हे पटले नाही. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत, सप्टेंबर 2020 मध्ये, ते ऑक्सिमीटर घेऊन घरोघरी फिरले होते. साथीत पहिला आदेश जीव वाचवण्याचाच असतो, असे सांगताना त्यांनी इस्लामपूरचा दाखला दिला. मार्च 2020 मध्ये सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातील चौघे बाधित निघाले आणि संपर्कातून ती संख्या दोन डझनांपर्यंत गेली. परंतु संपर्कातील माणसे तातडीने शोधून त्यांचे विलगीकरण केल्यामुळे आणि परिसर बंद केल्यामुळे ती साखळी तिथे रोखता आली. "मदतीची यादी तयार होईपर्यंत थांबलो असतो, तर काय झाले असते?" असा त्यांचा प्रश्न होता.

आण्णांना मार्च 2020 बद्दल तक्रार नव्हतीच. त्यांचे दुखणे ऑगस्ट 2021 चे होते. जुलैअखेर कृष्णेचे पाणी दुकानात शिरले, गाळ उपसून भिजलेले तागे वाळत घातले, तोच राज्यातील बहुतेक जिल्ह्यांना दुकाने रात्री 8 पर्यंत उघडी ठेवण्याची मुभा मिळाली आणि सांगली-साताऱ्यासह 11 जिल्ह्यांना ती मिळाली नाही. कर्जाचे हप्ते 2020 मध्ये सहा महिने पुढे ढकलता आले होते खरे, पण व्याजाची आकारणी थांबली नव्हती. ते पुढे फेडावेच लागले. रुग्णसंख्या पाहता निर्बंध आवश्यक असतील, हे आण्णाही मान्य करतात. मात्र पूर आणि साथ एकाच दुकानावर एकाच वेळी कोसळल्यावर दोहोंचा विचार एकत्र व्हायला हवा होता, हे त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे रास्त वाटते.

इतका वेळ बापू गप्प होते. त्यांची भडंगाची हातगाडी आहे. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत फेरीवाल्यांना 1500 रुपये जाहीर केले, तेव्हा 'नोंदणीकृत' या एका शब्दापाशी बापू अडले. पीएम स्वनिधी या केंद्राच्या कर्जयोजनेतून 10,000 रुपयांचे खेळते भांडवल मिळवण्यासाठीही ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागत होते आणि एका कार्यालयात कित्येक हेलपाटे घातल्यावर ते शिफारसपत्र हाती आले, तोवर 1500 रुपयांची यादी पूर्ण झाली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले ते पत्र बापूंनी आण्णांच्या कागदाशेजारी ठेवले. "बंदचा आदेश मला नोंदणी न विचारता लागू झाला," एवढेच ते म्हणाले.

यावर सरही थांबले. माझ्या मते खरी चूक साथीच्या आधीच झाली होती. पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण दर पाच वर्षांनी किमान एकदा करावे, असे 2014 चा कायदा सांगतो. ते वेळच्या वेळी पूर्ण झाले असते, तर मदतीच्या वेळी यादी शोधत बसावे लागले नसते. शिवाय बंदच्या आदेशावरच कोणाला काय मिळेल, अर्ज कुठे करायचा आणि कोणती कागदपत्रे लागतील, हे साध्या मराठीत छापणे मुळीच अवघड नाही.

सर्वेक्षणाची सद्यःस्थिती विचारणारा अर्ज सोमवारी द्यायचा, असे ठरले. मसुदा सर लिहिणार आहेत. दुकानातील कामगारांची नोंदही त्याच अर्जात मागावी, असा आण्णांचा आग्रह होता आणि दोन मागण्या एकत्र केल्या तर दोन्ही रेंगाळतील, असे सरांचे मत होते. त्यावर मात्र एकमत झाले नाही.