खुलासा : ‘लॅसी’बद्दल फिरणारा मेसेज

‘लॅसी ही एकच कोली जातीची कुत्री 19 वर्षं ‘लॅसी’ या टीव्ही मालिकेत होती आणि विहिरीत पडलेल्या टिमी या तिच्या छोट्या मालकाला तिनेच वाचवलं,’ असा मेसेज सध्या बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. मनाला भिडणारा आहे, पण त्यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर ही मालिका 1954 साली सुरू झाली, 1971 पर्यंत तिथे आणि पुढे 1973 पर्यंत इतर वाहिन्यांवर चालली. कोलीचं आयुष्य साधारण 12 ते 14 वर्षांचं, त्यामुळे एकच कुत्री ही भूमिका इतकी वर्षं करणं शक्यच नव्हतं. आधीच्या चित्रपटातली लॅसी म्हणजे पाल नावाचा नर. मालिकेच्या सुरुवातीच्या नमुना भागांत तोच दिसतो, पुढे त्याचा मुलगा लॅसी ज्युनियर आणि मग त्याच वंशातले इतर नर. मादीचे केस ठरावीक काळात खूप गळतात. नराची आयाळ भरगच्च राहते, अंगानेही तो मोठा असतो, म्हणून पसंती नरांना.

पहिला छोटा मालक टिमी नव्हे, जेफ होता; 1957 मध्ये टिमी आला. तो नदीत पडला, जुन्या खाणीत पडला, दलदलीतही रुतला, पण विहिरीत कधीच नाही. हे टिमी साकारणाऱ्या जॉन प्रोव्होस्ट यांनीच सांगितलंय, आणि माझ्या मते त्यांच्याइतकं खात्रीने दुसरं कोण सांगणार!

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.