टेबल अडीच फुटाचंच असतं

टेबलाची उंची अडीच फूट असते. का असते, हे विचारायचं नसतं. बँकेत, ऑफिसात, शाळेच्या स्टाफरूममध्ये, कुठेही टेप लावून बघा, २९ ते ३० इंच भरणार. ही उंची साधारण पावणेसहा फुटी माणसाला बरोब्बर बसते. तो माणूस कोण, मला ठाऊक नाही. पण माझी अख्खी नोकरी त्याच्या फर्निचरवर चालली आहे. माझी उंची ४ फूट ११ इंच.

घरून काम सुरू झालं आणि खांदा धरला. फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्याहून वयाने लहान, आवाज मात्र हेडमास्तरांचा. म्हणाली, "ताई, खांद्याला काही झालेलं नाही. टेबल उंच आहे, म्हणून टाइप करताना तुम्ही दिवसभर खांदे वर उचलून धरता." म्हणजे 'मला काय माहीत?' असं म्हणताना आपण जे क्षणभर करतो, ते मी रोज आठ तास करत होते.

मग नियम आले. तळपाय सपाट टेकलेले, गुडघे काटकोनात, कोपर काटकोनात, पाठीला टेका, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉपवर हे जमतच नाही. स्क्रीन डोळ्यांसमोर आणावा तर कीबोर्ड हनुवटीखाली येतो, कीबोर्ड कोपराशी आणावा तर मान खाली. तेव्हा वेगळा कीबोर्ड आणि माऊस घेतला. तेवढंच काय ते सरळ झालं.

मापं घ्यायला सासूबाईंनी शिवणाची टेप काढली. गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत १५ इंच. बैठकीपासून कोपरापर्यंत साडेआठ. बेरीज साडेतेवीस. आणि आमचं टेबल साडेएकोणतीस! "ब्लाउजलासुद्धा एवढी मापं घेतली नव्हती गं कधी," सासूबाई म्हणाल्या.

पहिला उपाय फुकटातला: खुर्ची सहा इंच वर. कोपर जागेवर आलं, पाय हवेत गेले. खुर्चीची कड मांडीखाली रुतून दोन्ही पायांना मुंग्या. सासूबाईंनी माळ्यावरून पंगतीचे पाट काढून दिले; वर ताकीद, "चपला घालून ठेवू नकोस पाय." दोन इंची तीन पाट एकावर एक रचले. पण खुर्चीला चाकं असतात आणि पाटांना नसतात. पाय जरा रेटले की मी खुर्चीसकट मागे, थेट कपाटापर्यंत. मीटिंगमधल्या लोकांना वाटायचं, बाई चर्चेतून अंग काढून घेतायत.

खुर्च्यांच्या दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, ही सगळ्यांना होते." सगळ्यांत मी नसते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. खुर्ची खाली येऊन येऊन १७ इंचांवर थांबली. बैठक इतकी खोल, की पाठ टेकली तर गुडघे दुमडत नाहीत आणि गुडघे दुमडले तर पाठ पोरकी. अमेरिकेत १९९४ साली एरॉन नावाची खुर्ची आली, ती म्हणे तीन मापांत मिळते. किंमत बघितली. एवढ्या पैशांत माणसाचीच उंची वाढवून देत असतील कुठे तर मी तिथे जाईन. शेवटी ती १७ इंचीच घेतली आणि पाठीमागे एक उशी गुंडाळून ठेवली.

आता हिशोब असा: खुर्ची १७, पायाखाली एकच पाट, टेबल हवं साडेपंचवीस. मिस्त्रींना बोलावलं.

"चार इंच कापायचंय."

"ताई, टेबल अडीच फुटाचंच असतं."

"मला साडेपंचवीस इंच हवंय."

"म्हणजे पंचवीस इंच चार सूत." ते विचारात पडले. "लहान मुलांसाठी करताय का?"

"माझ्यासाठी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्या बघण्याला फार वेळ लागला नाही. "पुढेमागे विकायला निघालात तर कोणी घेणार नाही," एवढं बजावून त्यांनी करवत काढली. मांडीला लागतो म्हणून ड्रॉवरही काढायला लावला. सगळं झाल्यावर टेबल डुगडुगायला लागलं. "फरशी वर-खाली आहे तुमची," मिस्त्री म्हणाले. (पाय वर-खाली कापला, असं म्हणणारा मिस्त्री मी अजून बघितलेला नाही.) खिशातून स्वतःचं कार्ड काढलं, चार घड्या घातल्या आणि पायाखाली सारलं. टेबल गप्प.

स्क्रीनखाली जुने दिवाळी अंक रचून त्याची कड नियमाप्रमाणे डोळ्यांच्या रेषेत आणली, तर मान दुखायला लागली. कारण चष्मा प्रोग्रेसिव्ह. जवळचं वाचायचं ते काचेच्या खालच्या भागातून, म्हणून मी हनुवटी वर करून ई-मेल वाचत होते. असा चष्मा असला तर स्क्रीन खाली लागतो. मग एकेक अंक काढत गेले. भविष्याचा जाडजूड अंक निघाला तेव्हा मान सुटली.

सगळे काटकोन जुळले. समाधानाने कामाला बसले आणि थोड्या वेळाने बघते तर मी खुर्चीवर मांडी घातलेली! पाट खाली रिकामा. फिजिओथेरपिस्टला फोन केला तर ती म्हणाली, "घाला मांडी, पण कुठल्याही एका अवस्थेत फार वेळ बसू नका, उठत जा." हे आधी सांगितलं असतं तर ड्रॉवर वाचला असता.

नवरा सहा फुटी. शुक्रवारी तो घरून काम करतो आणि टेबल त्याचं असतं. त्याचे गुडघे आता फळीला आपटतात. कापलेले चार इंची चार तुकडे मी टाकून देणार होते, त्याने जपून ठेवलेत. शुक्रवारी सकाळी तो ते पायांखाली सरकवतो. मीटिंगमध्ये जोरात टाइप केलं की एखादा निसटतो आणि त्याचे साहेब तिरके दिसायला लागतात.

"त्या मिस्त्रींचा नंबर दे गं," तो परवा वैतागून म्हणाला. "तुकडे परत जोडून घेतो."

"टेबलाच्या पायाखाली आहे," मी म्हटलं. "उचल आणि बघ."