अकरा द्राक्षांची अळी

शाळेतून परतलेल्या मुलाला भूक लागलेली असते, ही या विषयातील पहिली आणि सर्वांत मोठी अडचण आहे. ती नसती, तर मुलांसोबत कल्पक खाऊ करण्याइतका निर्वेध छंद दुसरा नव्हता. सायंकाळी साडेपाचला व्हॅन सोसायटीच्या फाटकाशी थांबते, दप्तर दारात पडते, एक मोजा सोफ्याखाली जातो आणि “काहीतरी दे ना” एवढीच मागणी कानावर येते. नवखे पालक या क्षणी घाबरून पोळीला तूप-गूळ लावतात, तिची गुंडाळी मुलाच्या हातात देतात आणि तीन मिनिटांत सारा प्रसंग आटोपून टाकतात. आपण तसे करू नये. पोट भरलेले मूल सरळ खाली खेळायला पळते, आणि मग फोटोत हात कोणाचे घ्यायचे, हा प्रश्न उरतो.

नाशिककरांनी आरंभ द्राक्षांपासून करावा. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत निफाड-दिंडोरीकडचा माल शहरात हातगाड्यांवर येऊन उभा राहतो, त्यामुळे निदान सामग्रीसाठी अडून राहावे लागत नाही. एका लाकडी काडीत अकरा हिरवी द्राक्षे एकामागोमाग ओवली आणि टोकाला दोन डोळे चिकटवले, की अळी तयार होते. ज्या जिल्ह्यातील बागायतदार अळी दिसताच फवारणीचा पंप काढतो, त्याच जिल्ह्यात आपण हौसेने द्राक्षांचीच अळी करावी, यातील गंमत मुलाला समजावत बसू नये, कारण त्याचे लक्ष द्राक्षांकडे असते. अकराच का, असे ते विचारील. मोबाइलवरच्या चित्रात अकरा आहेत म्हणून, असे शांतपणे सांगावे. मूल ओवता ओवता द्राक्षे खाते, हा अनुभव सार्वत्रिक असल्यामुळे ती आधी मोजून घेणे श्रेयस्कर. घरात धाकटे भावंड असल्यास मात्र एवढे लक्षात ठेवावे, की पाच वर्षांखालील मुलाच्या घशात अख्खे द्राक्ष अडकून श्वास कोंडू शकतो, म्हणून त्याला ते उभे चिरून, चार तुकडे करूनच द्यायचे असते. या लेखातील हे एक वाक्य खरोखरच पाळण्याजोगे आहे. बाकीच्यांचे आपण पाहून घ्यावे.

आता ‘मुलांसोबत’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मुलाने हात धुवावेत, आपण मागवलेला, समोर अस्वलाचे चित्र असलेला एप्रन घालावा आणि ओट्यापासून दोन फूट अंतरावर उभे राहावे, म्हणजे ते सोबत आहे असे समजण्यास हरकत नाही. सहा-सात वर्षांचे मूल मटार सोलू शकते, उकडलेल्या बटाट्याची साले काढू शकते, लिंबू पिळू शकते आणि दडपे पोहे हाताने कालवण्याचे काम तर मोठ्यांपेक्षा मन लावून करते. परंतु या कामांतून निघणारे पदार्थ फोटोत सारखेच पिवळट दिसतात, हा त्यांचा दोष दुर्लक्षून चालणार नाही. या बाबतीत घरातील आजीपासून विशेष सावध राहावे. दिवाळीत शंकरपाळ्यांचे कातणे ती खुशाल नातवाच्या हातात देते, तो कातेल ते वाकडेतिकडे तुकडे तळते आणि डब्यात भरून पाहुण्यांपुढेही ठेवते. अशाने मुलाचा असा समज होतो, की त्याने केलेला पदार्थ खायचा असतो.

आजीचे कातणे फडताळात ठेवून आपण चांदणी, हृदय आणि डायनोसॉर यांचे साचे आणावेत. त्यांसाठी भांडी बाजारात हिंडू नये, तेथे उगाच सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र असल्या रोज कामाला येणाऱ्या वस्तू नजरेस पडतात. साचा पोळीवर दाबला, की चांदणी निघते आणि मागे उरते ते आकाश. चांदणी मुलाच्या ताटलीत जाते व आकाश आपण ओट्याशी उभे राहून खातो. अशी पाच आकाशे खाल्ल्यावर रात्री जेवण जात नाही, याला काही जण पालकत्वाचा त्याग म्हणतात.

पौष्टिकतेचा मुद्दा सोडून देता येत नाही, कारण फोटोखाली काहीतरी लिहावे लागते. नाचणीत दर 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि ती पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या आपल्याच जिल्ह्यातील तालुक्यांच्या डोंगरउतारांवर पिकते. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्ष पौष्टिक तृणधान्यांचे म्हणून साजरे केल्यानंतर तिला चकचकीत पाकिटेही मिळाली. तेव्हा तिकडून आलेल्या बाईकडून पायलीने नाचणी घेऊन दळून आणण्याचा गावंढळपणा न करता पाकिटातील तयार पीठ आणावे, त्याचे धिरडे घालावे आणि त्याला कटाक्षाने पॅनकेक म्हणावे. धिरडे म्हटल्यास मूल ते चटणीबरोबर खाऊन टाकण्याची शक्यता असते. पॅनकेकवर केळ्याच्या चकत्यांचे कान, चॉकलेट सॉसचे नाक आणि रंगीत साखरेच्या मण्यांचे डोळे लावले, की अस्वल होते. दिवसभराच्या ऊर्जेपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा 10 टक्क्यांहून कमी, आणि जमल्यास 5 टक्क्यांहून कमी असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगून ठेवले आहे. पण डोळ्यांना साखर न म्हणता सजावट म्हटले, की तो हिशेब आपल्यापुरता सुटतो.

सफरचंदाची बोट करताना घाई करावी. फोड चिरली, की तिच्यातील विकराला हवेतला प्राणवायू मिळतो आणि तिचा रंग तपकिरी होऊ लागतो; लिंबाचा रस लावल्यास त्यातील आम्लामुळे ही क्रिया मंदावते. मुलाला हे दिसले, तर ते एका फोडीला लिंबू लावील, दुसरीला लावणार नाही आणि टेबलावर हनुवटी टेकून दोन्हींकडे पाहत बसेल. म्हणून लिंबू आपणच, पाठमोरे होऊन लावावे. फोड काळी का पडते, हा प्रश्न आलाच तर तो रविवारवर ढकलावा. रविवारी ते विसरलेले असते.

इतकी काळजी घेऊनही एखादे दिवशी घात होतो. अळी, अस्वल आणि बोट एका ताटलीत मांडून आपण गॅलरीत उजेड कोठे पडतो ते पाहायला जातो, तेथे मोबाइलची बॅटरी संपल्याचे लक्षात येते, आणि त्या दहा मिनिटांत स्वयंपाकघरात मूल व शेजारची मुलगी अशी दोघेच उरतात. परत येऊन पाहावे, तर ओट्यावरची परात खाली जमिनीवर आलेली असते. तिच्या मधोमध एक उकडलेला बटाटा उभा असून त्याला पुढे दोन आणि मागे दोन असे मिऱ्यांचे डोळे लावलेले असतात. भोवती डब्यातला चिवडा पसरलेला असतो आणि मूल तांब्यातून ताकाची धार धरून, बातम्यांतल्या निवेदकाच्या आवाजात ओरडत असते: “गंगापूर धरणातून पाणी सोडलं! कमरेपर्यंत आलं! छातीपर्यंत आलं!”

रामकुंडाशेजारचा दुतोंड्या मारुती ज्याने पाहिला आहे, त्याला अधिक सांगायला नको. दर पावसाळ्यात गोदावरीला पूर आला, की पाणी किती क्युसेकने सोडले हे ज्याला कळत नाही, त्यालाही ते मारुतीच्या कोठवर पोहोचले एवढ्यावरून सारे कळते. शेजारची मुलगी भांडी बाजारातील व्यापाऱ्यांच्या तत्परतेने काठावरचा माल हलवत असते, म्हणजे भिजण्याआधी मुठीमुठीने चिवडा खात असते. पाणी गळ्याशी येते, बुडालेल्या पोह्यांचा लगदा होतो, त्याला “गाळ आला, गाळ आला” असे म्हणून चमच्याने उपसले जाते आणि तोही पोटात जातो. मग मूल दोन्ही हातांनी परात उचलून काठाला तोंड लावते आणि पूर ओसरवते. बटाट्याला मात्र कोणी हात लावत नाही, तो जागच्या जागी उभा असतो.

अशा वेळी आपण जराही न डगमगता हस्तक्षेप करावा. या पदार्थाला नाव नाही, कृती नाही, प्रमाण नाही आणि नाशिकबाहेरच्या कोणालाही तो फोटोत ओळखू येणार नाही. महिनाभर मागे लागूनही ताकाला तोंड न लावणाऱ्या मुलाने अर्धा तांब्या ताक संपवले, ही गोष्ट त्या गडबडीत मनावर घेऊ नये. परात उचलावी, फरशी पुसावी, मुलाला एप्रन पुन्हा घालावा आणि त्याला ताटलीसमोर हसत उभे करावे. फोटो काढताना अळी आखूड वाटल्यास द्राक्षे मोजावीत. ती आठ भरतील. उरलेली तीन कोठे गेली असे विचारल्यावर “त्या होड्या होत्या, वाहून गेल्या” असे उत्तर येईल, त्यावर वाद घालू नये. उद्या ओवायला बसण्यापूर्वी चौदा मोजून घ्यावीत.