द.सा.द.शे. आणि मागचा बाक

गणिताच्या पुस्तकातला रमेश 5,000 रुपये द.सा.द.शे. 8 दराने 3 वर्षांसाठी बँकेत ठेवायचा आणि दुसऱ्याच ओळीत त्याला 1,200 रुपये व्याज मिळायचं. एकतीस वर्षं मी हे उदाहरण फळ्यावर सोडवलं. रमेशकडे कधी कुणी पॅन कार्डाची झेरॉक्स मागितली नाही. त्याची बँक कधी जेवायला गेली नाही, तिची लिंक गेली नाही. मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर, उत्तराखाली दोन रेघा, की रमेश मोकळा. निवृत्तीनंतर मी स्वतः रमेश व्हायला निघाले, त्याची ही हकीकत.

सुरुवात केली मुलाने. दिवाळीला पुण्याहून आला, माझं पासबुक चाळलं आणि भाजीत केस सापडल्यासारखा चेहरा केला. "आई, 1,20,000 रुपये बचत खात्यात पडलेत आणि तुला अडीच टक्के मिळतायत? अगं, बाहेर सात देतात!" 'बाहेर' तो असं म्हणाला, की मी एकदा ओसरीत डोकावून आले. तोंडी हिशेब केला. साडेचार टक्क्यांचा फरक, म्हणजे वर्षाला 5,400. महिन्याला 450. दुधाचं बिल डोळ्यांसमोर आलं आणि मी विरघळले.

खरं तर आमच्या काळी हा प्रश्नच नव्हता. बचत खात्याचा दर रिझर्व्ह बँक ठरवायची, सगळ्या बँकांना एकच. 2003 पासून 2011 पर्यंत साडेतीन म्हणजे साडेतीन. मग काही महिने चार, आणि ऑक्टोबर 2011 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, आता तुमचं तुम्ही बघा. तोवर माणूस बँक निवडायचा ती घरापासून किती लांब आणि आत पंखे किती, यावर. त्यातही 2010 पर्यंत एक गंमत होती. दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. हा नियम आमच्या स्टाफरूममध्ये राष्ट्रगीतासारखा पाठ होता. पैसे दहाच्या आत भरायचे आणि एकतीसपर्यंत श्वास रोखून बसायचं. आमच्यातल्या एकीने तीस तारखेला पैसे काढून मिक्सर आणला, तर नवऱ्याने वर्षभर प्रत्येक चटणीला ते व्याज आठवून दाखवलं.

तर नवी बँक. काचेचं दार आतून कुणीतरी उघडून धरलं. आमच्या बँकेच्या दारावर 'ओढा' लिहिलंय आणि ते ढकलावं लागतं, त्यामुळे मी दोन पावलं जास्तच आत गेले. थंडगार हवा, मशिनची कॉफी, आणि टाय लावलेला एक मुलगा. तो माझा रिलेशनशिप मॅनेजर. सांगलीत 'रिलेशन जमवायला आलोय' म्हटल्यावर लोक आधी पत्रिका मागतात, पण पोरगा गुणी होता. दर वाक्याला 'मॅम'.

"मॅम, फक्त अंगठा लावायचा. पाच मिनिटांत खातं."

अंगठा लागेना. उजवा झाला, डावा झाला. "मॅम, जरा कपाळावर घासून लावा." घासला. "मॅम, जरा जोरात." एकतीस वर्षं खडू आणि त्याहून जास्त वर्षं भांडी, माझ्या अंगठ्यावरच्या रेघा कधीच पुसल्या गेल्यात. आधारच्या सर्व्हरने एकेक करून माझी नऊ बोटं नाकारली. शेवटी डाव्या करंगळीने मला मी म्हणून ओळखलं. यात तास गेला, आणि त्या तासभरात टायवाल्या मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू कणभरही हललं नाही. एखादं काम इतक्या नम्रपणे न होताना मी पहिल्यांदाच पाहिलं. तेवढ्यात शिपायाने आणखी कॉफी आणली.

जुन्या खात्याचा 10,000 चा चेक देऊन खातं उघडलं. मग ॲप. ॲपने सांगितलं, सिम पहिल्या खाचेत हवं. ते बदलायला मोबाइलच्या दुकानात गेले. पुन्हा बँकेत गेले तर टायवाला मुलगा बदलून गेला होता. रिलेशन तीन आठवड्यांत संपलं. त्याच्या जागी एक मुलगी, तीही तितकीच गोड. तिने मला पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. नाव काय, मॅम?

बरं, सांगलीचा माणूस व्याज जास्त म्हटलं की आधी घाबरतो. बुडालेल्या पतसंस्थांच्या पावत्या इथे अजून कपाटात, साड्यांच्या घडीखाली सापडतात. पण मुलाने फोनवर समजावलं, की बँकेतल्या ठेवीला विमा असतो, आधी एक लाखाचा होता, फेब्रुवारी 2020 पासून पाच लाखांचा झालाय. तेव्हा तीही धाकधूक संपली. उरलेले 1,10,000 हलवायला मी एनईएफटीचा फॉर्म भरून आमच्या बँकेत गेले.

आमच्या बँकेत काउंटर नंबर तीनवर माझा विद्यार्थी बसतो. सातवी ब, मागचा बाक. शेकडेवारी आणि व्याज या दोन प्रकरणांशी त्याचं हाडवैर होतं, म्हणून असेल, नशिबाने त्याला बँकेत घातलं. मी दिसले की तो अजून उठून उभा राहतो. मग रांगेतलं कुणीतरी म्हणतं, "हितं शाळा भरलीया काय?" आणि तो बसतो. या बँकेत कॉफी नाही. पासबुकाच्या मशिनला बारकोड दिसत नाही, पंख्याखालची खुर्ची आली की सोडायची नसते, आणि कुठल्याही कागदासाठी दोन खेपा घालाव्या लागतात. पण शिपायाला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी झालं ते ठाऊक आहे, आणि काठावर पेन विसरलं तर ते ओरडून परत देतात.

"बाई, एवढे पैसे हलवताय? कुठं?"

मी नव्या बँकेचं पत्रक पुढे सरकवलं. वर ठळक '7 टक्क्यांपर्यंत'. खाली मुंगीएवढ्या अक्षरात तक्ता: एक लाखापर्यंत 3, त्यावर पाच लाखांपर्यंत 5, पाच लाखांवर 7. म्हणजे सात टक्के होते खरे, फक्त ते माझ्यापासून चार लाखांच्या अंतरावर होते. 'प्रश्न आधी नीट वाचा' हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, याचा हिशेब मला तिथे उभ्या उभ्या करावासा वाटेना.

तो मात्र खूश. फॉर्म उलटा केला आणि मागे मांडायला लागला. "तुमचे एक लाख वीस. लाखाच्या वर गेले, म्हणजे पाच टक्के. सहा हजार. आमच्याकडं तीन. सरळ डबल, बाई! हलवा की!"

माझा हात आपोआप पर्समध्ये गेला. लाल पेन अजून असतं.

"अरे, पाच टक्के सगळ्यावर नाही. पहिल्या लाखावर तीनच, तीन हजार. पाच फक्त वरच्या वीस हजारांवर, हजार रुपये. एकूण चार हजार." फुली मारली, उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. मग ते उत्तर मी स्वतःच वाचलं. चार हजारांतून तीन हजार गेले. वर्षाला एक हजार. दिवसाला पावणेतीन रुपये. नव्या बँकेत तीन वेळा रिक्षाने जाऊन यायलाच 240 गेले होते, मोबाइलच्या दुकानदाराने सिम काढायचे 50 घेतले होते ते वेगळेच.

मागची रांग शांत झाली होती. हल्ली फुकट शिकवणी कुठे मिळते?

"मग हलवायचे का नको?" तो म्हणाला.

"तुला मला घालवायची एवढी घाई का, ते आधी सांग."

तो ओशाळला. "तसं नाही बाई. पण तुम्ही समोर उभ्या असला की माझ्या नोटा मोजताना चुकतात."

मी गप्प बसले. दिवसाला पावणेतीन रुपयांसाठी त्या थंडगार हवेत आणखी किती वेळा माझं नाव सांगायचं, हे ठरवत होते. त्याने तेवढ्यात फॉर्म सुलटा केला, माझी सही पडद्यावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि मान हलवली.

"बाई, सही जुळत नाही."

पडद्यावर माझी 1991 ची सही होती. 'सौ.' सकट, आणि शेवटच्या वेलांटीला नऊवारीच्या पदरासारखा झोक. आता 'सौ.' गळालंय, खांदा धरलाय, आणि वेलांटी जेमतेम डोक्यावर पोचते.

"अरे, तू मला सातवीपासून ओळखतोस ना?"

"तुम्हाला ओळखतो की, बाई. सहीला नाही ओळखत. दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स आणा, नवी सही घेऊन टाकू. हलवायचे असले तरी लागणार, नसले तरी लागणारच. उद्या चौथा शनिवार, सोमवारी या."

फॉर्म त्याने परत दिला नाही. मागची बाजू बघत होता. "बाई, मार्क किती ते राहिलं."

गुणाकार बरोबर होता, रीत चूक. पाचपैकी दोन दिले. तीन नंबरवाल्या काउंटरमागून त्याने ते शेजारच्या मॅडमना दाखवले. मी बाहेर पडून तशीच फोटो स्टुडिओत गेले, कारण घरी होते ते फोटो त्याने मागच्या खेपेला परत केले होते. त्यात मी हसते आहे म्हणून.