चाकाखालचा दगड
नवा टेम्पो घेतलात, अभिनंदन! आता तो लावायचा कुठे, असले क्षुल्लक विचार मनात आणू नका. गोदामापाशी जागा असते, पण तिथे भाडं मागतात. शिवाय गाडी नजरेआड असली की रात्री झोप लागत नाही. तेव्हा तुमची झोप गल्लीनेच सांभाळायची. फक्त तो स्वतःच्या दारापुढे लावू नका, आपल्या खिडकीत वारा यायला हवा. समोरच्यांची खिडकी उत्तम. रोज तेच झाड बघून त्यांनाही कंटाळा आला असेल, आता ताडपत्री बघतील.

पहाटे साडेचारला गाडी सुरू करून पंधरा मिनिटं तशीच घुरघुरत ठेवा. हल्लीची इंजिनं उभ्यापेक्षा हळू चालवत नेली की लवकर तापतात, असं सांगणारे शहाणे भेटतील. त्यांना धूर द्या. मग रिव्हर्स. मागच्या माणसाला कामाच्या गोंगाटातही ऐकू जावा म्हणून रिव्हर्सचा बीप बहुधा 97 ते 112 डेसिबलचा असतो. पहाटे गल्लीत गोंगाटच नसतो, हा दोष गल्लीचा. (आमच्याकडच्या टेम्पोला बाहेर पडायला एकोणचाळीस बीप लागतात. मोजण्याचा छंद मला नाही, पण पर्यायही नाही.)

कधीतरी कुणी येऊन म्हणेल, ‘जरा पुढे घ्याल का?’ लगेच विचारा, ‘रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?’ रस्ता तुमच्याही बापाचा नाही, पण आधी विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही. माणूस तरीही हलला नाही, तर पोटाचा विषय काढा. ‘आमच्या पोटावर पाय देता?’ म्हटलं की प्रश्न पार्किंगचा उरतच नाही. समोरचा एका क्षणात जुलमी जमीनदार होतो. वर विचारा, ‘तुमचा फ्रिज काय उडत आला होता?’ इथे तो हमखास गप्प बसतो, कारण फ्रिज खरंच टेम्पोतून आलेला असतो. शिवाय त्याची स्वतःची कार कव्हर घालून सहा महिने त्याच रस्त्यावर धूळ खात असते. तिचं पोट कुणाचं, हे मात्र विचारू नका. उगाच दोघांनाही गाड्या हलवाव्या लागतील.

एखादे निवृत्त इंजिनिअर हिशेब घेऊन येतील. एका अ‍ॅक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळापट होते, 1958 ते 1960 मध्ये अमेरिकेत इलिनॉयला गाड्या फिरवून हे तपासलंय, वगैरे. त्यांचं शांतपणे ऐका. खड्डा पडला की त्याबद्दल सर्वांत मोठ्याने तुम्हीच ओरडा. अग्निशमनाचा बंब अडीच मीटरच्या आसपास रुंद असतो आणि तुमच्या आरशापलीकडे वाट उरते दोन मीटर. ते आग लागेल तेव्हा बघू.

आता सर्वांत महत्त्वाचं. हँडब्रेकवर विसंबू नका, मागच्या चाकाला चांगला मोठा दगड लावा आणि सकाळी निघताना तो तिथेच रस्त्यात सोडून जा. दिवसभर तो तुमची जागा राखतो. अंधारात स्कूटरवाले त्याला धडकतात, शिव्या देतात, पण उचलत कुणी नाही. आमच्याकडच्या दगडाच्या एका अंगाला पांढऱ्या चुन्याचा पट्टा आहे. समोरच्यांच्या बागेच्या कडेला तशाच दगडांची रांग आहे, आणि मधला एक महिन्यापासून सापडत नाहीये.